विद्यापीठ, कारखाना आणि तिसरी खुर्ची



आम्हांस या व्यासपीठावर बोलावून चालकांनी थोडे धाडसच केले आहे. आजवर आम्ही या मालेत समोरच्या सतरंजीवर बसत आलो. आमचे जे काही शिक्षण झाले त्यातले निम्मे वाचनालयात आणि निम्मे अशा सतरंजीवर झाले. कॉलेजची पायरी आम्ही चढलो ती फक्त मोर्चाचे निवेदन देण्यासाठी. तेव्हा 'विद्यापीठे आणि उद्योगधंदे यांचे सहकार्य' हा विषय आमच्याकडे आला, तेव्हा चालकांना आम्ही विचारले की, पत्ता चुकला नाही ना? ते म्हणाले, विद्यापीठाची बाजू प्राध्यापक सांगतात, धंद्याची बाजू कारखानदार सांगतात. तुम्ही उरलेली सांगा. ही उरलेली बाजू सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

निजामाच्या राज्यातील जुनी म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे : 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' कुठेच काही जमले नाही तर परभणी आहेच, असा तिचा भरवसा. हा भरवसा कशावर होता? काळ्या जमिनीवर आणि कापसावर. याच जमिनीच्या आधाराने १९५६ साली येथे कृषी महाविद्यालय निघाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. ज्या गावात मोठे कारखाने फारसे आलेच नाहीत त्या गावात उद्योग आणि विद्यापीठ यांचा संबंध काय, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की, आमचा मोठा उद्योग शेतात आहे, जिनिंगमध्ये आहे आणि बियाण्याच्या पाकिटात आहे. तेथेच हा संबंध पाहू.

आधी एका भाजीची गोष्ट सांगतो. बद्रीनारायण बारवाले हे नाव आपण ऐकले आहे. हिंगोलीचा जन्म, आणि १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, म्हणजे गृहस्थ आपलेच. १९६० च्या सुमारास दिल्लीच्या पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेने तयार केलेल्या 'पुसा सावनी' भेंडीचे बी त्यांनी जालन्यास आणले आणि त्याचे बीजोत्पादन सुरू केले. त्यातून पुढे १९६४ साली महिको ही कंपनी उभी राहिली, आणि १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आता यात कोणाचे काय होते ते पाहा. वाण सरकारी शास्त्रज्ञांचा. हिंमत, हिशेब आणि विक्रीची जाळी व्यापाऱ्याची. शास्त्रज्ञाकडे बी होते, पण ते गावोगाव पोहोचविण्याचे साधन नव्हते. व्यापाऱ्याकडे साधन होते, पण देण्यासारखे बी नव्हते. दोघे भेटले आणि भेंडी घरोघर गेली. सहकार्य म्हणतात ते याला.

पण गोष्ट येथे संपत नाही. भेंडीवर हळद्या पडतो. पांढरी माशी हा रोग पसरविते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, भेंडीही पिवळी पडते आणि बाजारात तिला कोणी हात लावीत नाही. पुसा सावनी आरंभी या रोगाला तोंड देत होती, पुढे तिचे बळ ओसरले. त्या वेळी परभणीच्या विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्याच एका दूरच्या नातलग जातीशी केला. या जातीत रोगाला न जुमानण्याचा गुण होता. मात्र नाती दूरची असली की संसार नीट होत नाही. अशा संकराला धड बी धरत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा मूळ भेंडीशी संकर करायचा, पुन्हा पुन्हा निवड करायची, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा खटाटोप झाला. त्यातून १९८५ साली 'परभणी क्रांती' बाहेर पडली. आपल्या गावाचे नाव देशभर गेले ते या हिरव्या भाजीमुळे. पुढे काही वर्षांनी तीही हळद्याला बळी पडू लागली, कारण रोगही स्वस्थ बसत नाही.

या गोष्टीतून आम्ही दोन धडे घेतले. पहिला असा की, ज्या कामाला आठ-दहा वर्षे लागतात आणि शेवटी हाती काही लागेल याची खात्री नसते, ते काम नफ्यावर चालणारा धंदा सहसा अंगावर घेत नाही. ते विद्यापीठालाच करावे लागते. दुसरा असा की, हे काम कधी पुरे होत नाही. विहिरीचा गाळ काढणे एका वर्षी थांबविले की दुसऱ्या वर्षी पाणी आटते, तसे संशोधनाचे आहे. संशोधकांच्या जागा रिकाम्या ठेवून करारांचे समारंभ करणे म्हणजे गाळ न काढता पोहरा सजविणे होय.

आता कापसाकडे वळू. संशोधनाचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न आज नवा म्हणून विचारतात. तो शंभर वर्षांचा जुना आहे. १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती झाली. १९२३ च्या कायद्याने कापसाच्या गाठीमागे काही आणे उपकर बसविला आणि त्या पैशातून १९२४ साली मुंबईत माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा उभी राहिली. आज 'सिरकॉट' म्हणून ओळखली जाते ती हीच संस्था. कोणत्या कापसाचे सूत किती बारीक निघेल हे तेथे कातून पाहत. मग १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, त्याची एक मुख्य शाखा वस्त्ररसायनाची होती, कारण दारातच गिरण्या होत्या. त्या विभागाचे पुढे स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि २०१८ पासून त्याचे एक आवार आपल्या जालन्यात आहे. तात्पर्य, गाठीमागे चार पैसे बाजूला काढून सर्वांच्या उपयोगाची प्रयोगशाळा चालविता येते, हे या देशाने फार पूर्वी करून दाखविले आहे.

त्या समितीत गिरणीवाले होते, व्यापारी होते, सरकारने नेमलेले कापूसवाल्यांचे प्रतिनिधी होते. त्या प्रत्येक गाठीवर ज्याचा घाम पडला होता तो कामगार मात्र नव्हता. टेबलाला दोन खुर्च्या होत्या, विद्येची आणि धंद्याची. तिसरी खुर्ची कुणी मांडलीच नाही. आज आम्हांला जे सांगावयाचे आहे ते या खुर्चीबद्दल.

ती नसली म्हणजे काय होते, हे नांदेड-४४ च्या गोष्टीत दिसते. १९८४ साली आपल्या विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने 'एनएचएच-४४' हा संकरित कापूस दिला. शेतकऱ्यांनी त्याला नांदेड-४४ म्हणून घरातलाच केला. पावसाने ताण दिला तरी तग धरायचा, एकदा बोंडे गेली तरी पुन्हा फुटायचा. अकोल्याच्या महाबीजने, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाने, त्याचे बी पुरविले. कोरडवाहू माणसाला असाच कापूस हवा होता.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारे जनुक महिको आणि अमेरिकेतील मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतील कंपनीच्या हाती होते. फवारण्या वाचतात म्हटल्यावर शेतकरी तिकडे गेला, यात त्याची चूक नाही. आणि नांदेड-४४? वाण विद्यापीठाचा, जनुक कंपनीचे. परवानग्या, शुल्क, चाचण्या आणि करार यांत वर्षे गेली. सार्वजनिक संस्थांनी स्वतःचे बीटी करून पाहिले, ते 'बिकानेरी नरमा' २००९ साली वादात सापडून मागे घ्यावे लागले. शेवटी विद्यापीठ आणि महाबीज यांच्या करारातून बीटी नांदेड-४४ पुन्हा शेतकऱ्यापुढे आले, तोवर पंधरा वर्षांच्या आसपास काळ लोटला होता. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कहर केला, तेव्हा ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले तो गुणही उणा पडल्याचे शेतकऱ्याने पाहिले.

पैशाचेही पाहा. सुरुवातीस ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १,६०० रुपये पडत आणि त्यातील मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा असे. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने ठाम भूमिका घेतली आणि किंमत ७५० रुपयांवर आली. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये किंमत-नियंत्रणाचा आदेश काढला, आणि २०२० मध्ये बीजी-२ वरील शुल्क शून्यावर आणले. आम्ही कंपनीला शिव्या देण्यासाठी हे सांगत नाही. ज्याने पैसे घालून शोध लावला त्याला मोबदला हवाच. श्रमाचा मोबदला मागणाऱ्या आमच्यासारख्याने तो नाकारणे शोभणार नाही. आमचा प्रश्न इतकाच की, चौदा वर्षे भांडून शुल्क खाली आणण्याऐवजी करार करतानाच शेतकरी टेबलाशी असता, तर काय झाले असते?

कायद्याने थोडे दार उघडले आहे, ते लोकांस माहीत नाही. 'वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा' २००१ साली झाला. नोंदलेल्या वाणाचे बी शेतकऱ्याने राखावे, पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, नाममुद्रा न लावता विकावे, हा हक्क त्यात आहे. बियाण्याबद्दल जे सांगितले तसे पीक आले नाही तर भरपाई मागण्याचीही सोय आहे. संकरित वाणाचे राखलेले बी पुढच्या वर्षी तसे येत नाही, हे खरे. तेव्हा कापसाच्या शेतकऱ्याला या हक्काचा उपयोग थोडा. पण शेतकरी हा नुसता गिऱ्हाईक नाही, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले ही लहान गोष्ट नव्हे.

आता त्याच टेबलाच्या खाली पाहू. संकरित कापसाचे बी कसे होते? मादी वाणाच्या उद्या उमलणाऱ्या कळ्या आज संध्याकाळी एकेक करून सोलायच्या, त्यातले पुंकेसर काढायचे. सकाळी ऊन तापण्यापूर्वी नर वाणाचे फूल आणून त्याचा पराग तिच्यावर घासायचा. एकेका कळीला असे दोनदा हात लागतात. हे हात बायकांचे आणि पोरींचे आहेत. प्रयोगशाळेत लागलेला शोध त्यांच्या बोटांच्या टोकांतून गेल्याशिवाय पाकिटात उतरत नाही. करारात वाण कोणाचा हे असते, जनुक कोणाचे, नफा कसा वाटायचा हे असते. या बायांची मजुरी काय, शाळेच्या वयाची मुलगी शेतात नसावी ही जबाबदारी कोणाची, याला त्या कागदावर जागा नसते.

आमचा स्वतःचा वावर जिनिंगमध्ये. दिवाळीनंतर मानवत-सेलूकडच्या जिनिंग सुरू होतात. रेच्यापाशी उभे राहिलेल्या माणसाच्या भुवया आणि मिशा पांढऱ्या होतात, त्याचे नवलही कुणाला वाटत नाही. आमच्या संघटनेतील एक वडीलधारे गृहस्थ बाजाराच्या दिवशी सुटी घेत आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले की त्यांची छाती आवळून येई. कामगार त्याला 'बाजाराचा दम' म्हणत आणि आदल्या दिवशीच्या भज्यांना दोष देत. आम्हीही चेष्टेत सामील होतो. पुढे वाचनालयात एका पुस्तकात वाचले की, कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा एक आजार होतो, आणि सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही त्याची ठळक खूण आहे. इंग्रज गिरणीकामगारांची सुटी रविवारी, म्हणून ते त्याला सोमवारचा ताप म्हणत. कायद्याने तो व्यावसायिक आजार मानला आहे. आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो. ज्या गोष्टीवर आम्ही वर्षानुवर्षे हसत होतो ती विद्येला फार पूर्वीपासून ठाऊक होती. विद्यापीठाच्या आवारापासून ती जिनिंग सायकलने जाण्याच्या अंतरावर, पण ती विद्या तेथे कधी पोहोचली नव्हती.

त्याच रेच्याची आणखी एक हकीकत. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या रोलरवर चामड्याच्या चकत्या असतात आणि चामडे क्रोमियमने कमावलेले असते. चकती पात्यावर घासून झिजते आणि ती भुकटी हवेत, रुईत आणि कामगाराच्या छातीत जाते. पुढे सुतातही तिचा अंश राहतो, हे तज्ज्ञांनी मोजून दाखविले. तेव्हा मी सांगितलेल्या त्याच माटुंग्याच्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रबर आणि सुती कापड यांच्या थरांचा, क्रोमियम नसलेला रोलर तयार केला. विद्या आणि धंदा एकत्र आले म्हणजे काय होऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. येथे कामगाराचा श्वास आणि मालाचा कस एकाच उपायाने सुधारतो. पण ज्या जिनिंगमध्ये आम्ही जातो तेथे आजही चामड्याच्याच चकत्या फिरताना दिसतात. कारण विचारले तर मालक म्हणतात, कुणी मागितले नाही. आणि ते खोटे नव्हे. मागणार कोण? ज्याला असा रोलर आहे हे माहीत आहे तो रेच्यापाशी उभा नसतो, आणि जो उभा असतो त्याला माहीत नसते.

बंधूंनो, दुसऱ्यांना इतके सुनावल्यावर आमची चूक सांगितली नाही तर हे भाषण लबाडीचे होईल. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्राने कापसासाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केले, त्यातून जिनिंग-प्रेसिंगचे आधुनिकीकरण झाले. हवेने कापूस ओढणारे नळ आले, गाठी बांधणारे नवे प्रेस आले. एका जिनिंगमध्ये हे यंत्र बसायचे होते तेव्हा आम्ही फाटकावर बसलो. 'यंत्र परत न्या' एवढीच आमची मागणी. एकवीस दिवस आम्ही टिकलो. यंत्र बसलेच, आणि डोक्यावरून कापूस वाहणाऱ्या बाया व प्रेसवरचे हमाल मिळून निम्म्याहून अधिक माणसे पुढच्या हंगामात घरी बसली. यंत्र चालविण्यास परगावची तरुण पोरे आली. 'आमच्यातल्या दहा जणांस हे यंत्र शिकवा आणि उरलेल्यांची सोय लावा' असे आम्ही म्हटले असते तर? ते आम्हांस सुचले नाही, कारण यंत्रात काय आहे हे पाहण्याचे श्रम आम्ही घेतलेच नव्हते. न शिकलेल्या पुढाऱ्याची किंमत त्याला स्वतःला द्यावी लागत नाही, ती त्याच्यामागे चालणाऱ्यांना द्यावी लागते. त्या बायांपैकी एक आजही आम्हांस बाजारात भेटते आणि 'कसं हाय दादा' म्हणून विचारते. ती काही बोलत नाही, म्हणून ते अधिक लागते.

आता पुढचे यंत्र दारात उभे आहे. आपल्या विद्यापीठात ड्रोनचे आणि शेतीत काम करणाऱ्या यंत्रमानवांचे शिक्षण व संशोधन चालू झाले आहे. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन विष अंगावर घेणाऱ्या मजुराची त्यातून सुटका होणार असेल, तर आमच्याइतका आनंद कुणास होणार नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. पण पंप उतरला की मजुरीही उतरते. तो ड्रोन चालविण्यास मजुराचा मुलगा शिकेल की तो पुन्हा परगावाहून येईल, हे आज ठरायचे आहे. एकवीस दिवस फाटकावर बसल्यावर ते ठरत नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालते, तेव्हा कंपनीशी झालेल्या त्याच्या प्रत्येक कराराचा सारांश मराठीत, साध्या भाषेत, लोकांस वाचावयास मिळावा. वाण कोणाचा राहील, शुल्क किती आणि ते कोणाच्या खिशातून जाईल, एवढे तरी त्यात असावे. दुसरी, ज्या यंत्राची किंवा वाणाची चाचणी होईल त्या चाचणीत ते रोज हाताळणाऱ्या स्त्री-पुरुषांस विचारावे आणि त्यांचे म्हणणे अहवालात लिहावे. यात उपकार काही नाही. रेच्याचा कोणता भाग कुठे अडतो हे चालविणाऱ्याइतके कुणास कळत नाही, तेव्हा विचारले तर यंत्रच सुधारेल. तिसरी, अशा करारातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा एक लहानसा वाटा मजुरांच्या शिक्षणास आणि आरोग्य-तपासणीस ठेवावा. गाठीमागे काही आणे काढून प्रयोगशाळा उभी राहिली होती, मग पाकिटामागे काही पैसे काढून एक छाती तपासण्याचे यंत्र उभे राहू शकेल.

चौथी सूचना आमची आम्हांलाच आहे. खुर्ची मांडून मिळाली तर तिच्यावर बसून काय बोलायचे हे ठाऊक असावे लागते. त्यासाठी वाचावे लागेल. संघटनेच्या कचेरीत पावतीपुस्तकाशेजारी विज्ञानाचे पुस्तक ठेवावे लागेल.

दरवर्षी १८ मे रोजी, स्थापनादिनी, विद्यापीठाच्या आवारात खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो. बियाण्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात, आपणही कधी ना कधी त्या रांगेत उभे राहिला असाल. या वेळी आमच्या संघटनेचे दहा-बारा स्त्री-पुरुष तेथे जाणार आहेत. त्यांना बी घ्यावयाचे नाही. बरोबर ते झिजलेल्या चामड्याची एक चकती नेणार आहेत. ती एखाद्या शास्त्रज्ञाच्या टेबलावर ठेवून ते विचारणार आहेत की, साहेब, याच्याऐवजी दुसरे काही आहे असे आम्ही ऐकतो, ते आमच्या जिनिंगमध्ये यायला काय करावे लागेल? उत्तर काय मिळेल ते आज सांगता येत नाही. पण आपल्यापैकी ज्यांना वेळ असेल त्यांनी त्या दिवशी आमच्यासोबत यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.